डांबरावरचा सडा

शर्यत संपल्यावर त्या वळणावर काय उरायचं, ते आधी सांगतो. रिकाम्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, चघळून टाकलेली कोंबडीची हाडं, आणि खळ्याच्या कडेला माणसांनी ओळीनं उभं राहून केलेली मुतारी. खळं म्हणजे भात झोडायला सारवून ठेवलेली जागा. तिथं घरची माणसं चप्पल काढून पाय ठेवतात. आम्ही बूट घालून तिथं नाचायचो. आम्ही म्हणतोय, कारण मी त्यातलाच एक होतो. लांब उभा राहून नाक मुरडणारा नव्हे, चांगला शिट्ट्या मारणारा.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. सोडली असं म्हणायला अजून जीभ वळत नाही. गावातल्या एका ओळखीच्या माणसाच्या मागं महाडला आलो आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पोत्यांची तोंडं शिवायच्या मशीनवर लागलो. ही नव्वद सालानंतरची, दशकाच्या उतरणीकडची गोष्ट. तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो, पण आतून सदा घाबरलेला. सुपरवायझरनं नुसती हाक मारली तरी हातातलं पोतं टाकून उभा राहायचो. आणि कुणी पाण्याचा तांब्या जरी दिला तरी याचे उपकार फिटायचे कसे, ही चिंता लागायची. ज्यांनी मला खोली दिली ते भाई ट्रकवाले होते. ईदला आठवणीनं शीरखुर्म्याचं भांडं खोलीवर पाठवायचे, आणि मी ते भांडं इतकं घासून परत न्यायचो की त्यांची बायको हसायची, "अरे, कल्हई निघेल ना!"

शर्यतीचं वेडही भाईंच्याच ट्रकमुळे लागलं. एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर पोलादपूरच्या वर निघालो होतो, तर रस्ता बंद. घाटात गाड्यांची शर्यत होती. दर थंडीत व्हायची म्हणे, मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं होतं सगळ्या गाड्या एकदम सुटत असतील. तसं नव्हतं. एकेक गाडी खालून सोडायची, दोनदोन मिनिटांनी. तिच्या पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. तिनं फक्त घड्याळाशी झुंजायचं. वर पोचायला ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागेल तो जिंकला. ही गोष्ट मला फार आवडली. कुणाला ढकलायचं नाही, कुणाशी भांडायचं नाही, आपला वेळ आपण कापायचा. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला असला खेळ आवडणारच.

पुढच्या वर्षापासून मी दर शर्यतीला जायला लागलो. आखातातून आलेल्या एका माणसाकडून बटण दाबून वेळ मोजायचं घड्याळ घेतलं. घाटातल्या एका वळणावर उभा राहायचो. त्याच्या खालच्या मैलाच्या दगडापाशी गाडी दिसली की बटण दाबायचं, वरच्या आंब्यापाशी पुन्हा दाबायचं. कोण कुठं वेळ खातो ते मला तोंडपाठ असायचं.

काकी भेटली ती त्या वळणावरच. घाटाच्या पोटात एक वाडी आहे, दहा-बारा घरांची. तिचं घर सगळ्यांत कडेचं, अगदी रस्त्याला लागून. ते खळंही तिचंच. नवरा मुंबईला खानावळीत, शिमग्याला नि गणपतीला यायचा. दोन गाई, चार शेळ्या आणि ती. पहिल्या वर्षी उन्हात माझा घसा सुकला होता. ती गडग्यावरून, म्हणजे दगडाच्या बुटक्या कुंपणावरून बघत होती.

"पानी हवंय काय रे?"

"चालेल, काकी."

"चालंल काय? हवं तर हवं बोल. कुठला तू? बोलनं आमच्यासारखं नाय."

"परभणीचा."

"ती कुठं आली?"

मी हात करून दाखवलं, पूर्वेकडं, डोंगराच्या पलीकडं. तिनं डोंगराकडं बघितलं. "लांब हाय," म्हणाली. "मग जेवलास का नाय?"

त्या दिवसापासून सुट्टी असली की मी तिथं जायला लागलो, शर्यत असो नसो. लाकडं फोडून द्यायचो, कौलं सारखी करायचो. ती नाचणीची भाकरी नि सुकटीची चटणी वाढायची, आणि मी खाताना तिच्या नवऱ्याच्या तक्रारी सांगायची. साऱ्या रायगड जिल्ह्यात न विचारता आत जावं असं मला ते एकच दार होतं. ते आपल्या एखाद्या चुकीनं बंद होईल, ही भीती मला तिच्या चुलीपाशी बसल्यावरसुद्धा असायची.

तिसऱ्या वर्षी शर्यतीच्या आठवडाभर आधी मी तिच्याकडे गेलो होतो.

"औंदा कधी रे तुझ्या गाड्या?"

"येत्या रविवारी, काकी. औंदा मुंबईची लई मोठी माणसं येणारेत. एक जण तर परदेशात गाडी चालवून आलाय म्हणं."

"नि जानार आमच्याच दारावरनं?"

"मग? दुसरा रस्ता हाय का?"

ती विचारात पडली. "पालखी येते तेवा आमी सडा घालतो, रांगोळी काढतो, भोयांच्या पायावर पानी घालतो. येवढी मोठी मानसं येनार नि दार भुंडं ठेवायचं, बरं दिसतं काय?"

मला हसू आलं. मी म्हणालो, "घाला की. त्यास्नी बी कळू दे कोकणातलं स्वागत."

नुसतं बोलायचं म्हणून बोललो. घरातलं माणूस बोलतं तसं. ती खरंच घालील, असं मनात आलं नाही.

रविवारी भाईंच्या ट्रकनं पोलादपूरपर्यंत आलो आणि तिथून गर्दीबरोबर चालत चढलो. वळण दिसायच्या आधी वास आला. ताज्या शेणाचा. मला तो वास घरचा. एरवी छाती भरून घेतला असता. त्या दिवशी तो ओळखताच मी गर्दीतून पुढं घुसलो.

मैलाच्या दगडापासून गडगा संपेपर्यंत डांबर दिसत नव्हतं. काकीनं पहाटे उठून दाट सडा घातला होता. मधोमध मोठी रांगोळी, तिच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या ओळी, वर हळदीकुंकवाची चिमूट. ती ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी होती. उंबऱ्यावर पाण्यानं भरलेला तांब्या.

"कसं झालंय?"

"झकास, काकी."

अंगणातला सडा माती पिते. घटकाभरात वाळतो, धूळ बसते, पायाला गार लागतं. डांबर काहीच पीत नाही. ते शेण तसंच्या तसं वर होतं, दवानं आणखी पातळ झालेलं, आणि त्या वळणावर अकरा वाजेपर्यंत ऊन येत नाही. पालखीची माणसं अनवाणी येतात, हळू येतात. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळलं. तिला कळायचं काही कारण नव्हतं.

थोड्या वेळानं संयोजकांच्या जीपमधून पांढरी टोपी घातलेला एक माणूस उतरला. गळ्यात शिट्टी, हातात झेंडा. वळण सांभाळायचं काम त्याच्याकडं. त्यानं रस्त्यावर नजर टाकली, नाकाला रुमाल लावला. "यहाँ से भैंसें गयी हैं क्या? ये गाँव भी ना!" असं म्हणून आंब्याखाली घडीची खुर्ची उघडून बसला. रांगोळी त्याला दिसली नाही असं नव्हे. त्यानं ती बघितली नाही.

मी त्याच्यापासून वीस पावलांवर होतो. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, हे धुवायला पाहिजे, गाडी घसरेल. मी बोललो नाही. तिच्या डोळ्यांदेखत तिची रांगोळी धुवायला लागेल, तिला वाईट वाटेल, आणि घाला म्हणून मीच सांगितलेलं. हे कारण खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं लिहायला मला इतकी वर्षं लागली. मला गाडी घसरलेली बघायची होती. तीन वर्षं मी त्या वळणावर वेळ मोजत होतो, आणि सगळ्या गाड्या सरळ निघून जात होत्या.

पहिली गाडी पांढरी, बुटकी. आधी दरीपलीकडून आवाज आला, मग जवळ. मैलाच्या दगडाशी मी बटण दाबलं. सड्यावर येताच तिचं मागचं अंग एकदम बाहेर फेकलं गेलं, चाकं किंचाळली, शेणाचा फवारा गडग्यावर उडाला, आणि कशीबशी सावरून ती वर गेली. लोक जे ओरडले म्हणता! मीही ओरडलो. रांगोळीवर दोन पट्टे उमटले होते.

"पुसली रे," काकी म्हणाली.

"पुसायचीच, काकी. वरनं गाडी गेली."

दुसरी गाडी त्याहून जास्त घसरली. मग बातमी पसरली. वरच्या खालच्या वळणांवरची माणसं पळत इकडं आली, खळ्यावर चढली. शेळ्या बिथरल्या तर त्यांना खडे मारून हाकलल्या. काळा चष्मा लावलेला, पुण्याकडचा वाटणारा एक जण दाराशी जाऊन म्हणाला, "मावशी, अजून आहे का हो हे? एकदम भारी आयटम आहे!"

काकीला वाटलं, पाहुण्यांना आवडलं. "हाय की! थांब बाबा." तिनं उरलेल्या सड्याची बादली बाहेर आणली. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो नि आणखी एक जण ती रस्त्यावर ओतायला निघाले. बादली जड होती. दुसऱ्याला पेलेना. त्याची बाजू मी धरली.

आंब्याखालचा टोपीवाला हसत होता. त्यालाही मजा येत होती. एवढी किळस मला पुढं कधी कशाची आली नाही, जेवढी त्या बादलीची कडी धरलेल्या माझ्या हाताची येते. पण ती आता. तेव्हा हात मजेत होता.

पाचवी गाडी लाल होती. ती सावरलीच नाही. मागनं गडग्यावर आदळली, चाक आत मुडपलं, गडग्याचे दगड खळ्यात कोसळले. दार उघडून एक तरणा मुलगा उतरला. अंगाला खरचटलंही नव्हतं. त्यानं सगळ्यांत आधी काय बघितलं असेल? पायातला बूट. बूट शेणात होता.

आणि तेवढ्यात काकी तांब्या घेऊन पुढं गेली. दाराशी पाहुणा थांबला होता ना. ती वाकली आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं.

"ए! क्या कर रही है?" तो उडी मारून मागं सरला. "पागल है क्या?"

टोपीवाला शिट्टी फुंकत धावला. जीप आली, आणखी दोघं उतरले. आता हसणं बंद झालं होतं. काळ्या चष्म्याचा माणूस सगळ्यांच्या आधी बोलला. "सर, या बाईनं टाकलंय. आम्ही बघितलंय. दोनदा टाकलं."

"किसने बोला तुमको गोबर डालने को?" टोपीवाला तिच्या अंगावर ओरडला. "किसी की जान जाती तो?"

सगळी हिंदी तिला समजली नाही, पण आवाज समजला. ती माझ्याकडं वळली. "सांग ना रे ह्यांना. पालखीला घालतो तसा घातला म्हनून सांग."

टोपीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. "तुम इसके घर के हो?"

माझ्या डोळ्यांपुढं काय काय आलं ते सांगतो. पोलीस चौकी. सुपरवायझर. पोतं शिवायच्या मशीनवर बसलेला दुसरा कुणी. भाईंना खोलीसाठी पुन्हा नवा माणूस. कितीतरी लोकांनी मला उभं केलं होतं, ते सगळं त्या एका उत्तरात जाईल असं वाटलं. आणि त्याच उत्तरात ते एकुलतं एक दारही होतं, हेही मला त्याच क्षणी कळत होतं. कळत नव्हतं असं नाही.

"नहीं साब," मी म्हणालो. "मैं तो देखने आया हूँ."

एवढी हिंदी काकीला येत होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग टोपीवाल्याला म्हणाली, "खरं हाय. लांबचा हाय तो. गाड्या बघायला येतो. सडा मी घातला, कोनी सांगितला नाय."

"पंद्रह मिनट में साफ चाहिए. नहीं तो पुलिस."

त्यांच्या जीपमध्ये बाटल्यांची खोकी होती, पण ते प्यायचं पाणी. त्यांनी ते बाहेर काढलंच नाही. काकीनं लुगड्याचा काष्टा खोचला, हंडा उचलला आणि रस्त्याखालच्या झऱ्याकडं उतरली. वाट तिरकी, निसरडी. पहिला हंडा आणला, ओतला, खराट्यानं झाडलं. शेण नुसतं पसरलं. पुन्हा उतरली.

तेव्हा कुणीतरी खळ्यावरून ओरडलं, "टाइम लावा रे मावशीला!"

सगळे हसले. लाल गाडीवाला मुलगासुद्धा हसला. तिसऱ्या खेपेला ती हंडा घेऊन मैलाच्या दगडापाशी दिसली तेव्हा त्यांनी शिट्ट्या मारल्या, "चल मावशी, चल, रेकॉर्ड!" दोघा-तिघांनी फोटो काढले. तिनं मान वर केली नाही. हंडा डुचमळून तिचं ठेवणीतलं लुगडं भिजलं होतं आणि भिजल्या जागी शेण चिकटत होतं. मी गर्दीत उभा होतो, हात मागं बांधून. एवढ्या सगळ्यांत हात मोकळे असलेला, धडधाकट, आणि झऱ्याची वाट माहीत असलेला मी एकटा होतो. मी काय केलं? घड्याळ बघितलं. सवयीनं. एका खेपेला चार मिनिटं लागत होती.

चौथ्या हंड्याला डांबर काळं दिसायला लागलं. रांगोळीचा कण उरला नाही. लाल गाडी दोरखंडानं ओढून बाजूला घेतली, शिट्टी झाली, आणि शर्यत पुढं चालू झाली. मी थांबलो. उरलेल्या सगळ्या गाड्या बघितल्या. टाळ्या वाजवल्या की नाही ते आठवत नाही, असं लिहिणार होतो. आठवतं. वाजवल्या.

दुपारी गर्दी उतरायला लागली तेव्हा काकी गडग्याचे पडलेले दगड एकावर एक रचत होती. तिनं मला हाक मारली. "ए, भाकरी खाऊन जा रे!" टोपीवाला अजून आंब्याखाली खुर्चीची घडी घालत होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं. माझ्या शेजारून चालणारा म्हणाला, "तुला बोलावतीय का ती?" मी म्हणालो, "छे, दुसऱ्या कुणाला तरी." आणि त्या बाटल्या नि हाडांवरून पाय टाकत, त्या सगळ्यांच्यातलाच होऊन, पोलादपूरपर्यंत उतरलो.

नंतर दोन-अडीच महिने मी तिकडं फिरकलो नाही. पोलीस आले असतील का, मुंबईहून नवरा येऊन तिला बोलला असेल का, असले विचार करत पोती शिवायचो. एकदा पोत्याबरोबर बोटात सुई गेली. सुपरवायझर म्हणाला, "लक्ष कुठाय तुझं?" भाईंनी दवाखान्यात नेलं, वाटेत उसाचा रस पाजला, आणि माझ्या मनात एकच घोळत होतं, की यांना त्या दिवशीचं कळलं तर हे मला रस पाजतील का?

शिमगा झाल्यावर एका सुट्टीला गेलो. गडगा पुरा बांधून झाला होता. खळं नव्यानं सारवलेलं. काकी चुलीपाशी होती.

"आलास? मला वाटलं गावाला गेलास परभनीला."

मी आत जाऊन बसलो. तिनं चहा ठेवला. पोलीस आले नव्हते. नवरा शिमग्याला येऊन गेला होता. गडगा कसा पडला विचारलं त्यानं, तर तिनं गाडी लागली एवढंच सांगितलं. मग म्हणाली, "पुढच्या वर्साला येतील काय रे त्या गाड्या? म्हंजे सडा घालायचा नाय, हे आता कळलं. पन रांगोळी चालंल काय, नुसती? कडेला?"

ती थट्टेनं विचारत नव्हती. तिला नियम हवा होता. पाहुण्यांशी आपण चुकलो, असं तिनं मनाशी धरलं होतं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. "काकी, त्या दिवशी मी खोटं बोललो. सडा घाला म्हणून मीच सांगितलं होतं. नि घसरणार हे मला सकाळीच दिसलं होतं."

"सांगितलं होतंस ते म्हाईत हाय. मी काय बहिरी हाय?"

"मग तुम्ही नाव का नाही घेतलंत माझं?"

"तोंड बघितलंस काय तुझं तेवा? पांढरं पडलं होतं. मनात बोललं, हा भ्यालाय, ह्याची नोकरी जाईल. लांबचा मानूस." तिनं फुंकणी घेऊन चूल फुंकली. धूर डोळ्यांत गेला तसे पदरानं डोळे पुसले. "खोटं बोललास ते बोललास. पन पानी तरी आनायचंस रे. चार खेपा झाल्या मला. पानी आनायला कोन विचारनार होता, तू कोनाचा म्हनून?"

मी उठलो. हंडा मोरीपाशी होता. मी तिकडं निघालेला बघून ती म्हणाली, "आता कशाला? भरलेला हाय."